नाशिकच्या गुन्हेगारीचे आकडे कसे वाचावेत, आणि एआयच्या हाती देण्याआधी काय तपासावं

सोसायटीच्या ग्रुपवर ‘नाशिक आता पूर्वीचं राहिलं नाही’ असा मेसेज फिरतो. दुसऱ्याच दिवशी पेपरात ‘गुन्ह्यांत लक्षणीय घट’ अशी बातमी येते. दोन्हींत आकडे असतात, आणि गंमत म्हणजे दोन्ही आकडे खरे असू शकतात. आमच्या भागातल्या रहिवासी संघाची पोलिसांकडे जाणारी निवेदनं लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हापासून मी या आकड्यांत अडकलो आहे. अलीकडे त्यात एआयची भर पडली. कुणी तरी पीडीएफ चॅटबॉटमध्ये टाकतं, ‘सारांश दे’ म्हणतं आणि आलेला परिच्छेद जसाच्या तसा पुढे ढकलतं. दुसरीकडे पोलीसही एआयकडे वळलेत आणि सिंहस्थ कुंभमेळ्याच्या गर्दीसाठी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांची चर्चा आहे. या कामात नव्याने पडणाऱ्यांना तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आकडा गुन्ह्यांचा नसतो, नोंदींचा असतो. लासलगावच्या बाजार समितीत आज किती कांदा आला, यावरून शेतात आणि चाळीत किती कांदा आहे ते कळत नाही. भाव, पाऊस, संप यांवर आवक हलते. गुन्ह्यांच्या नोंदीही अशाच हलतात.

हाताशी काय ठेवावं

- राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा वार्षिक अहवाल. त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. सुरुवातीची ‘मर्यादा’ सांगणारी पानं आधी वाचा, तक्ते नंतर.
- महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरचे ‘प्रकाशित एफआयआर’.
- आपल्या पोलीस ठाण्याची हद्द दाखवणारा नकाशा, निदान गावं आणि कॉलन्यांची यादी.
- २०११ च्या जनगणनेचे आकडे.
- एक्सेल किंवा गूगल शीट. ते जमत नसेल तर वही आणि कॅल्क्युलेटर.
- माहिती अधिकाराचा अर्ज. त्याबद्दल खाली.

१. आधी ठरवा, कोणतं नाशिक?

‘नाशिक’ या नावाखाली निदान तीन वेगळे हिशेब चालतात. पोलीस आयुक्तालयाचं नाशिक शहर, म्हणजे पंचवटी, भद्रकाली, सरकारवाडा, मुंबई नाका, अंबड, सातपूर, इंदिरानगर, नाशिकरोड, देवळाली कॅम्प वगैरे ठाणी. दुसरं पोलीस अधीक्षकांचं नाशिक ग्रामीण, ज्यात मालेगाव, सिन्नर, इगतपुरी, निफाड, त्र्यंबकेश्वर येतं. तिसरं लोहमार्ग पोलिसांचं. नाशिकरोड स्थानकाच्या फलाटावर पाकीट मारलं गेलं तर त्याची नोंद लोहमार्ग पोलिसांकडे होते, शहराच्या तक्त्यात ती दिसणार नाही.

सिंहस्थाच्या वर्षी हा घोळ चांगलाच जाणवतो. रामकुंड आणि तपोवन शहरात, त्र्यंबकेश्वरचं कुशावर्त ग्रामीणमध्ये, आणि येणारी बरीच गर्दी रेल्वेने. ‘कुंभमेळ्यात इतक्या चोऱ्या’ असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न हाच, कोणत्या खात्यातल्या?

आणखी एक खोच आहे. एनसीआरबी २०१५ पर्यंत दहा लाखांवरच्या ५३ शहरांचे वेगळे तक्ते देत असे आणि त्यांत नाशिक होतं. २०१६ पासून मर्यादा वीस लाखांवर गेली, शहरं १९ उरली आणि महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर एवढीच राहिली. म्हणून ‘महानगरांच्या यादीत नाशिक कुठेच नाही, म्हणजे आपण सुरक्षित’ असं कुणी सांगितलं तर हसा आणि सोडून द्या.

२. आकडे मिळवा

एनसीआरबीचा अहवाल उशिरा येतो. २०२३ चा अहवाल सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस आला. ताज्या आकड्यांसाठी दोन वाटा आहेत.

पहिली वाट प्रकाशित एफआयआरची. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितले, संवेदनशील गुन्हे वगळून. पोर्टलवर ‘नाशिक शहर’ किंवा ‘नाशिक ग्रामीण’ निवडा, मग ठाणं आणि तारखा. लक्षात ठेवा, लैंगिक अत्याचार, बालकांवरचे गुन्हे असे प्रकार तिथे दिसत नाहीत. तिथली मोजणी म्हणजे एकूण गुन्हे नव्हेत.

दुसरी वाट माहिती अधिकाराची. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. शुल्क दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, ऑनलाइनही करता येतो. ‘गुन्हेगारीची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. असं लिहा: ‘अमुक पोलीस ठाण्यात १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात दाखल झालेल्या घरफोडी, दुचाकी चोरी, जबरी चोरी व हिसकावून चोरी या गुन्ह्यांची महिनावार संख्या, तसेच याच काळातील अदखलपात्र नोंदी व मोबाइल गहाळ झाल्याच्या नोंदींची महिनावार संख्या द्यावी.’ नावं, पत्ते, तपासाचा तपशील मागू नका, नाहीतर तपासाला बाधा येईल या कलमाखाली अर्ज परत येतो. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा.

गहाळ मोबाइलची संख्या का मागायची, ते पुढच्या पायरीत कळेल.

३. काय नोंदलं गेलं आणि काय दाराबाहेर राहिलं

इथे घाई करू नका. सगळा खेळ इथेच आहे.

गुन्हा घडला आणि तो तक्त्यात आला, यांत बऱ्याच चाळण्या असतात. पहिली चाळणी आपल्या घरात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितल्याचं दिसलं. त्यातही बहुतेक माहेरी, नातेवाइकांकडे किंवा शेजारी. पोलिसांपर्यंत पोचणाऱ्या त्याहून कितीतरी कमी. त्यामुळे एखाद्या ठाण्यात कौटुंबिक हिंसाचाराचे गुन्हे शून्य दिसले तर मी त्या भागाचं कौतुक करत नाही, तिथे बायका ठाण्यापर्यंत का पोचत नाहीत ते विचारतो.

दुसरी चाळणी ठाण्यात. तुम्ही दिलेला कागद तीन प्रकारे नोंदला जाऊ शकतो:

- एफआयआर: दखलपात्र गुन्हा. याला गुन्हा रजिस्टर नंबर मिळतो आणि हाच तक्त्यात मोजला जातो. प्रत फिर्यादीला मोफत मिळते.
- एनसी: अदखलपात्र नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत.
- तक्रार अर्ज: ‘चौकशीवर ठेवला’ म्हणतात तो. शिक्का मारलेली पोच मिळते आणि लोक समजतात गुन्हा दाखल झाला. झालेला नसतो.

यांच्या जोडीला ‘गहाळ’ आहे. बसमध्ये मोबाइल चोरीला गेला तरी तो गहाळ म्हणून नोंदवला की सिम कार्ड परत काढायला आणि हँडसेट ब्लॉक करायला कागद मिळतो, काम भागतं. तक्त्यात मात्र चोरी एकने कमी. यात दरवेळी पोलिसांचाच दोष असतो असंही नाही. कोर्टाची तारीख नको म्हणून फिर्यादी स्वतःच ‘हरवला लिहा’ म्हणतात. म्हणून चोरी आणि गहाळ ही दोन्ही संख्या शेजारी ठेवून पाहायची. चोरी घटली आणि गहाळ तेवढंच वाढलं, तर शहर सुधारलेलं नाही, रजिस्टर बदललं आहे.

सायबर फसवणुकीत अंतर आणखी मोठं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला किंवा राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार केली की पोच क्रमांक मिळतो. तो एफआयआर नसतो. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली पैसे गेलेल्या माणसाने पुढे सायबर ठाण्यात फिर्याद दिली नाही, तर त्याची आयुष्यभराची पुंजी गुन्ह्यांच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. ठाण्यात नकार मिळाला तर आयुक्त किंवा अधीक्षकांना लेखी कळवा, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकारी.

आता याची दुसरी बाजू. नोंदणी सोपी झाली की आकडे फुगतात, आणि ते चांगलं लक्षण असतं. देशात बलात्काराचे नोंदलेले गुन्हे २०१२ मध्ये २४,९२३ होते, २०१३ मध्ये ३३,७०७ झाले. मधल्या काळात दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराची घटना, देशभरचा संताप आणि कायद्यातली दुरुस्ती झाली होती. व्याख्या रुंदावली, तक्रारीला बळ आलं. एका वर्षातल्या एवढ्या वाढीचा अर्थ ‘पुरुष अचानक बिघडले’ असा काढणारा माणूस तक्ता वाचतच नाहीये.

४. भागाकार तपासा

गुन्ह्यांचा दर म्हणजे एक लाख लोकसंख्येमागे किती. अंश नोंदीतून येतो, छेद जनगणनेतून. २०११ मध्ये नाशिक महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ची.

वर्षाला ३,००० गुन्हे झाले असं मानून चला. जुन्या लोकसंख्येवर दर येतो सुमारे २०२. शहर आता वीस लाखांचं झालं असं धरलं तर १५०. गुन्हे तेवढेच, पण एक मथळा ‘नाशिक धोकादायक’ आणि दुसरा ‘नाशिक सुरक्षित’. शिवाय आयुक्तालयाची हद्द आणि महापालिकेची हद्द एकच नाही. देवळाली छावणीचं ठाणं आयुक्तालयात आहे, महापालिकेत नाही.

सिंहस्थात तर छेदाला काही अर्थच उरत नाही. पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी शहरात कित्येक पट माणसं असतात आणि भागाकार मात्र रहिवाशांच्या संख्येने होतो. त्या महिन्यांचे दर काढू नका, नुसत्या संख्या लिहा.

५. वर्षाची वर्षाशी तुलना

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्या वर्षाचे आकडे अर्धे जुन्या कायद्यातले, अर्धे नव्यातले. नवख्या माणसाने दोन ठिकाणी जपावं.

एक, ‘हिसकावून चोरी’ला स्वतंत्र कलम मिळालं, ३०४. सोनसाखळी ओढल्याचे गुन्हे पूर्वी जबरी चोरीत किंवा साध्या चोरीत जात. आता जबरी चोरी घटलेली दिसली तर ३०४ चा रकाना पाहिल्याशिवाय पेढे वाटू नका.

दोन, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं: पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी नव्या व्यवस्थेत अदखलपात्र झाली आहे. म्हणजे ती एफआयआरच्या मोजणीतून निसटून एनसीत जाऊ शकते. सायकल, गॅसची टाकी, बांधकामावरचं सामान, भाजीवाल्याचा दिवसाचा गल्ला, म्हणजे गरिबाच्या बहुतेक चोऱ्या. म्हणून तर वरच्या अर्जात एनसीची संख्या मागितली.

आणखी, एकाच घटनेत खून, दरोडा आणि मारहाण झाली तर एनसीआरबी फक्त सर्वांत गंभीर गुन्हा मोजते. तिथला दरोडा तक्त्यात दिसत नाही.

मोहिमांबद्दल थोडं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ या पोलिसांच्या मोहिमेचे रील्स घराघरांत पोचले. अशा मोहिमेने फरक पडला का, हे ठरवताना मोहिमेच्या आधीचा महिना आणि नंतरचा महिना एवढीच तुलना करू नका. मोहिमा बहुधा आकडा चढल्यावरच सुरू होतात, आणि चढलेला आकडा काही न करताही थोडा खाली येतो. गेल्या चार-पाच वर्षांतले तेच महिने शेजारी ठेवा, मग बोला. लहान संख्यांबाबतही सावध राहा: एका ठाण्यात खून दोनवरून चार झाले की ‘शंभर टक्के वाढ’ होते. वीसच्या आतल्या संख्येची टक्केवारी मी निवेदनात कधीच लिहीत नाही.

६. पोलीस गेले म्हणून सापडलेले गुन्हे

दारू, जुगार, अमली पदार्थ, अवैध शस्त्रं यांत फिर्यादी नसतो. पोलीस छापा टाकतात तेव्हाच गुन्हा जन्माला येतो. इथे आकडा वाढला याचा पहिला अर्थ कारवाई वाढली एवढाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकरोडजवळच्या शिंदे गावातला एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा कारखाना सापडला तो मुंबईच्या साकीनाका पोलिसांच्या तपासात. कारखाना आपल्या दाराशी, मूळ गुन्ह्याचा धागा मुंबईत. त्याआधीच्या आपल्या तक्त्यातला अमली पदार्थांचा रकाना वाचून कुणाला त्याची चाहूल लागली असती का, तुम्हीच ठरवा.

७. उघडकीस, दोषारोप, दोषसिद्धी

हे तीन शब्द बातम्यांत एकमेकांच्या जागी वापरतात. गुन्हा उघडकीस आला म्हणजे आरोपी कोण ते पोलिसांना कळलं. दोषारोपपत्र म्हणजे ते कोर्टात गेलं. दोषसिद्धीचं प्रमाण काढतात ते त्या वर्षी निकाल लागलेल्या खटल्यांवर, त्या वर्षी घडलेल्या गुन्ह्यांवर नाही. यंदाची दोषसिद्धी ही कित्येक वर्षांपूर्वीच्या तपासाची पावती असते. सध्याच्या अधिकाऱ्यांना तिचं श्रेय नको आणि दोषही नको.

८. आता एआयला विचारा, पण असं

मी एआय वापरतो आणि वापरा असंच सांगेन. पण त्याच्याकडून हिशेब घ्यायचा, निष्कर्ष नाही.

- सरकारी मराठी पीडीएफ बऱ्याचदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असते किंवा स्कॅन केलेली असते. मजकूर कॉपी केला की कचरा येतो आणि चॅटबॉट त्या कचऱ्यावरून अंदाजाने तक्ता बनवतो. स्कॅनमध्ये १ आणि ९, ५ आणि ६ यांची अदलाबदल नेहमीची. आधी आकडे स्वतः शीटमध्ये भरा.
- ‘नाशिकमध्ये गुन्हेगारी वाढली का?’ असं विचारू नका. मनमिळाऊ यंत्र आहे, ज्या सुरात विचाराल त्या सुरात उत्तर देईल. असं विचारा: ‘प्रत्येक ओळीची बेरीज कर. कोणती बेरीज मूळ तक्त्याशी जुळत नाही ते सांग. तक्त्यात नसलेला एकही आकडा वापरू नकोस. २०२४ मध्ये कायदा बदलल्यामुळे कोणते रकाने तुलना करण्याजोगे नाहीत ते वेगळे काढ.’
- त्याने बाहेरचा आकडा दिला तर मूळ पान उघडून पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नका. शहर आणि ग्रामीण नाशिकची सरमिसळ हमखास होते.
- एफआयआरच्या प्रती चॅटबॉटमध्ये चढवू नका. त्यात फिर्यादी, साक्षीदार, पत्ते असतात. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे.

९. पोलिसांच्या हातातला एआय: बैठकीत काय विचारावं

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये पोलिसांसाठी ‘मार्व्हल’ ही एआयचं काम करणारी कंपनी स्थापन केली. तपासाची कागदपत्रं चाळणं, सायबर फसवणुकीतल्या खात्यांचा माग काढणं, गर्दी मोजणं, हरवलेली माणसं शोधणं यांत यंत्राचा खरा उपयोग आहे. कुंभात ताटातूट झालेली म्हातारी माणसं लवकर सापडणार असतील तर कोण नको म्हणेल?

धोका आहे तो अंदाज बांधणाऱ्या यंत्रांत. ती शिकतात कशावरून? आपण तिसऱ्या पायरीत पाहिलेल्या त्याच रजिस्टरवरून. वस्तीत गस्त जास्त म्हणून तिथे नोंदी जास्त, नोंदी जास्त म्हणून यंत्र म्हणतं तिथेच गस्त वाढवा, गस्त वाढली की नोंदी आणखी वाढतात. उच्चभ्रू कॉलेज रोडवरच्या बंद बंगल्यात काय चालतं ते या चक्रात कधीच येत नाही. आपल्याकडे तर याला जुना इतिहास आहे. पारध्यांसारख्या जमातींना १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का १९५२ मध्ये कायद्यातून पुसला, ठाण्यातल्या नजरेतून आणि जुन्या कागदांतून तो किती पुसला गेला ते त्या वस्तीत जाऊन विचारा. तेच कागद यंत्राला शिकवायला दिले, तर पूर्वग्रह गणिताचे कपडे घालून परत येईल.

बाहेर हे घडून गेलं आहे. आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याचे गुण देणारी एक प्रणाली अमेरिकेत वापरात होती. फ्लोरिडातल्या एका काउंटीतली तिची उत्तरं २०१६ मध्ये पत्रकारांनी तपासली. पुढे गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांना ‘जास्त धोका’ ठरवण्याचं प्रमाण तशाच गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघालं. कंपनीने हा निष्कर्ष मानला नाही, वाद अजून चालू आहे. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझने २०२० मध्ये गुन्ह्यांचं भाकीत करणारी पोलीसयंत्रणा बंद केली. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२५ पासून निव्वळ माणसाच्या प्रोफाइलवरून तो गुन्हा करेल असं ठरवायला मनाई आहे.

चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांचं गणित एकदा स्वतः करून पाहा. समजा पर्वणीला कॅमेऱ्यांसमोरून दहा लाख चेहरे गेले, आणि यंत्र हजारात एकदाच चुकतं. खरे पाहिजे असलेले आरोपी ५० आले आणि सगळे ओळखले गेले. तरी एकूण इशारे १,०५०, त्यांतले खरे ५०. म्हणजे अडवलेल्या दर वीस-एकवीस माणसांत एक खरा. बाकीचे स्नानाला आलेले भाविक. ‘९९.९ टक्के अचूक’ या जाहिरातीचा अर्थ घाटावर असा होतो. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात सांगितलं होतं की ८० टक्के साम्य असलं की ते जुळणी झाली असं धरतात. आपल्याकडे ही रेघ कुठे आखणार?

मोहल्ला समितीच्या किंवा ठाण्याच्या बैठकीत हे प्रश्न लेखी न्या:

१. प्रणाली कोणत्या वर्षांच्या आणि कोणत्या ठाण्यांच्या नोंदींवर शिकली? एनसी आणि तक्रार अर्ज त्यात आहेत का?
२. चेहऱ्याची जुळणी किती टक्क्यांवर धरता, आणि अडवण्याआधी कोण माणूस खात्री करतो?
३. चुकीच्या इशाऱ्यांची नोंद ठेवता का? गेल्या महिन्यात किती होते?
४. निर्दोष माणसाचा फोटो किती दिवसांनी पुसला जातो?

‘ही प्रणाली वरून आली आहे, आम्हाला माहीत नाही’ असं उत्तर बहुधा मिळेल. ठाणे अंमलदाराशी वाद घालू नका, त्याच्या हातात खरंच काही नसतं. तेच चार प्रश्न १५० शब्दांत बसवून आयुक्तालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे पाठवा. पहिल्या अपिलानंतरही काही हाती लागलं नाही, तर नव्वद दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे करता येतं. अर्जाची पोच आणि मूळ उत्तराचं पाकीट जपून ठेवा, तारखेवरून वाद झाला की तेच लागतं.